गटप्रकल्पात मुलगी कायम 'अक्षर चांगलं' खात्यात. यातून ती नेमकं काय शिकते?

निळीशाई

मुलगी सातवीत आहे. शाळेने गेल्या दोन वर्षांत पाठांतर कमी करून गटाने शिकण्यावर भर दिलाय. चार-पाच मुलांचा गट, एक प्रकल्प, शेवटी वर्गापुढे सादरीकरण. सुरुवातीच्या सभेत आम्हा पालकांना सांगितलं होतं, की मुलींना याचा विशेष फायदा. पुढे चारचौघांत वावरायचं, बोलायचं, कार्यक्रम उभे करायचे, भांडणं मिटवायची, या सगळ्याची तयारी इथेच होते. ऐकून बरं वाटलं होतं.

परवा घरात आवराआवर करताना यंदाचे तक्ते सापडले. सहा प्रकल्प, सहाही तक्त्यांवर अक्षर हिचं. विचारलं तर म्हणाली, "माझं अक्षर चांगलं आहे ना." बोललं कोण? "तो छान बोलतो." प्रयोग कोणी जुळवला? "त्या दोघांनी. मी मोजमापं लिहून घेत होते." शिवाय आदल्या रात्री सगळ्यांना फोन करून "पुठ्ठा विसरू नका, कात्री आणा" हेही हीच करते. ते काम कुठल्या यादीतच नाही.

कुणी जबरदस्ती केलेली नाही. सगळं गोडीगुलाबीने झालंय, आणि मला तेच जास्त खटकतंय. असं गटाने शिकून मुलगी समाजात वावरायला तयार होते, की समाजात जे चाललंय त्याची रंगीत तालीम करते? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. शिक्षक असाल तर जरूर लिहा.

रिकामटेकडा

सहापैकी सहा! बैठकीचं इतिवृत्त लिहायला माणूस तयार होतोय, आमच्याकडे पाठवून द्या. (हलके घ्या.)

अधलीमधली

वाचतेय. माझीही मुलगी याच खात्यात. शीर्षकाला रंग भरणे हा जोडधंदा.

खडूफळा

बावीस वर्षं शिकवतोय, त्यामुळे थोडं लांबेल.

ताई, तुमच्या मुलीच्या वर्गात जे चाललंय त्याला मी गटकार्य म्हणणार नाही. चार मुलं एका बाकाभोवती बसवली आणि एक काम दिलं, की काम सर्वांत लवकर कसं उरकेल ते मुलं बघतात. लवकर उरकायचं तर ज्याला जे आधीपासून येतं तेच त्याने करायचं. म्हणजे न येणारं शिकायची वेळ कुणावरच येत नाही. यात मुलांचा दोष नाही, काम तसं दिलेलं असतं.

याला उतारा म्हणून मी जिगसॉ पद्धत वापरतो. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये ती काढली. गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा नुकत्याच एकत्र केल्या होत्या आणि वर्गात तणाव होता. पाठाचे पाच तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच द्यायचा. मग सगळ्या गटांतले 'तिसऱ्या तुकड्या'वाले एकत्र बसतात, तो घोटून पक्का करतात, आपापल्या गटात परततात आणि बाकीच्यांना शिकवतात. परीक्षा मात्र प्रत्येकाची सगळ्या पाठावर आणि वेगवेगळी. आता तिसरा तुकडा जिच्याकडे आहे तिला कितीही हळू बोलायची सवय असो, बाकी चौघांना कान देऊन ऐकावंच लागतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, वर्षभर हजेरीशिवाय तिचा आवाज ऐकला नव्हता. तिच्या तुकड्याच्या वेळी गटातला सगळ्यात बोलका मुलगा तिला म्हणाला, "थांब, परत सांग, कळलं नाही." तिने परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं, आणि तेव्हा आवाज चढलेला होता!

पहिल्या वर्षी माझी फजितीही झाली. तुकडे असे पाडले होते की पहिला वाचल्याशिवाय चौथा कळेचना. मुलांनी सरळ पुस्तक उघडून अख्खा पाठ वाचून टाकला. त्यांचं बरोबरच होतं.

चष्मिष्ट

वेगळं मत मांडते. मी लहानपणी घुमी होते. गटाने करायचं काही असलं की पोटात गोळा यायचा. चार जण एकदम बोलायला लागले की माझं डोकं बंद. जे काही शिकले ते एकटीने, पुस्तकात तोंड खुपसून. आज चारचौघांत व्यवस्थित वावरते, भाषणंही करते. तेव्हा सामाजिक जीवनाची तयारी गटातच होते हे मला पटत नाही. एकटीने विचार करून मत पक्कं झालेलं असेल तर ते मांडायला मग गट लागतो. मतच नसेल तर गटात जाऊन काय, माना डोलवायच्या?

दुसरं, 'मुलींना तयार करणे' हा शब्दप्रयोगच खुपतो. पुठ्ठा आणायचं लक्षात ठेवायला मुलग्यांना कोण तयार करणार?

रिकामटेकडा

पुठ्ठा आणायला विसरलेला मुलगा या नात्याने मी शेवटच्या वाक्याचा निषेध करणार होतो. तेही विसरलो.

खडूफळा

@चष्मिष्ट, एकटीने विचार करण्याबद्दल पूर्ण सहमत. म्हणूनच आधी दोन मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून स्वतःचं उत्तर वहीत लिहायचं, मग शेजारणीशी बोलायचं, मग वर्गाशी. लिहिण्याची पायरी गाळली की ज्याचा हात आधी वर जातो त्याचंच उत्तर वर्गाचं होतं.

आकडेमोड

धागाकर्तीने लिहिलंय की कुणी जबरदस्ती केली नाही. या 'गोडीगुलाबी'वर एक छान प्रयोग झालाय. लिंडा बॅबकॉक, लीझ वेस्टरलुंड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केला.

अनोळखी तिघांचा गट, प्रत्येक जण आपापल्या संगणकापुढे. दोन मिनिटांत तिघांपैकी कुणीतरी एक बटण दाबायचं. दाबलं तर तिघांचाही फायदा, पण दाबणाऱ्याचा सगळ्यात कमी. कुणीच दाबलं नाही तर सगळ्यांचंच नुकसान. थोडक्यात, 'पुठ्ठा विसरू नका' असा फोन कोण करणार? स्त्री-पुरुष मिश्र गटांत पुरुषांपेक्षा बायकांनी ४८ टक्के अधिक वेळा बटण दाबलं. आता गंमत पुढे आहे. फक्त पुरुषांचे आणि फक्त बायकांचे गट केले तेव्हा हा फरक नाहीसा झाला. पुरुषांच्या गटातही बटण दाबणारा निघालाच की! म्हणजे बायकांचा स्वभावच त्यागी वगैरे काही नाही. समोर बाई बसलीय, ती दाबेल, हे सगळे धरून चालतात, आणि सगळ्यांत आधी ती स्वतः. एक वरिष्ठ नेमून त्याला 'तिघांपैकी एकाला विनंती करा' म्हटलं, तेव्हाही विनंती बायकांकडेच जास्त गेली. विनंती करणाऱ्यांत बायकाही होत्या, हे विशेष.

श्रेयाचंही तसंच. हेदर सार्सन्स यांनी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची नोकरी कायम होण्याच्या नोंदी तपासल्या. एकटीने लिहिलेल्या शोधनिबंधाचं श्रेय बाईला पुरुषाइतकंच मिळत होतं. पुरुषांसोबत मिळून लिहिला की तिच्या वाट्याला कमी यायचं. तेव्हा 'आमचं सगळ्यांचं मिळून' या वाक्यात नाव कुणाचं गळतं ते शाळेपासूनच बघायला हवं.

पायवाट

मग उपाय सोपा आहे. मुलींचे वेगळे गट करा. मी मुलींच्याच शाळेत शिकले. कार्यक्रमाचा पडदा बांधायला शिडीवर चढणारी मुलगीच, ध्वनिक्षेपक दुरुस्त करणारी मुलगीच, आणि पुठ्ठा विसरणारीही मुलगीच. दुसरं कुणी नव्हतंच! पुढे महाविद्यालयात पहिल्यांदा शिडी धरली तेव्हा एक जण धावत आला, "अगं, तू नको." मला खरंच कळेना, हा असं का म्हणतोय.

अधलीमधली

@पायवाट, शिडीला +१!

पण मुलींच्या शाळेत सगळं समसमान असतं हे काही खरं नाही. मीही तशाच शाळेतली. आमच्या गटात कोण बोलणार हे वर्गात कुणाचं वजन आहे त्यावर ठरायचं. वजन असलेल्या तिघी ठरवायच्या, आम्ही उरलेल्या चिकटवायचो. डिंकाची बाटली माझ्याकडे असायची. तेव्हा मुलगे नव्हते म्हणून डिंक गेला नाही, फक्त हात बदलला.

आकडेमोड

वेगळ्या शाळांबद्दल २०१४मध्ये पाल्के, हाइड आणि अ‍ॅलिसन यांनी मोठा आढावा घेतला होता: १८४ अभ्यास, २१ देश, सुमारे १६ लाख विद्यार्थी. वेगळ्या शाळांत जाणाऱ्या मुलांच्या घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरली, तर नुसत्या वेगळेपणाचा म्हणण्यासारखा फायदा दिसत नाही. पायवाट यांच्या शिडीचं माप त्यात घेतलं होतं का ते विचारू नका. बहुतेक मोजमाप गुणांचं आणि आवडीनिवडीचं आहे.

खडूफळा

अधलीमधली यांच्या डिंकाच्या बाटलीवर स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांनी आयुष्यभर काम केलं. त्या मूळच्या समाजशास्त्राच्या, त्यामुळे त्यांनी वर्गाकडे समाज म्हणूनच पाहिलं. वर्गात ज्याला हुशार किंवा मानाचा समजतात तो गटात जास्त बोलतो, आणि जो जास्त बोलतो तो जास्त शिकतो. म्हणजे वाटणी तशीच सोडली, तर गटकार्याने दरी वाढते. आमच्या प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं. 'गट करा' एवढंच सांगितलं होतं.

त्यांचा एक उपाय मला फार आवडतो आणि तितकाच अवघड वाटतो. शिक्षकाने गटांतून फिरताना मागे राहिलेल्या मुलीने खरोखर केलेली एखादी नेमकी गोष्ट टिपायची आणि सगळ्यांसमोर बोलून दाखवायची. 'शाब्बास, छान' हे नव्हे. 'हिने मोजमाप दोनदा घेतलं म्हणून तुमची चूक सापडली, पुढच्या वेळी हिला विचारा' असं. खोटी स्तुती मुलं लगेच ओळखतात. खरी गोष्ट टिपायची तर आपलं लक्ष लागतं, आणि चाळीस मुलांच्या वर्गात नेमकं तेच कमी पडतं.

भटकभवानी

रच्याकने, मुलींच्या गटांवरून आठवलं. सप्टेंबर १९०९मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलग्यांच्या स्काउटांचा मेळावा होता. तिथे काही मुली आपणहून, स्काउटांसारखा पोशाख करून, कुणी बोलावलेलं नसताना हजर झाल्या आणि 'आम्हालाही हवं' म्हणाल्या. पुढच्याच वर्षी मुलींसाठी गाइड संघटना निघाली आणि तिची धुरा अ‍ॅग्नेस बेडन-पॉवेल यांच्याकडे गेली. मला त्यांची पथकाची रीत फार पसंत आहे. सहा-आठ मुलींचं पथक, नायिका त्यांच्यातलीच. तंबू ठोकायचा तर ठोकायचाच, 'तुझं अक्षर चांगलं, तू तंबूवर नाव लिही' ही सोय नाही.

रिकामटेकडा

न बोलावता जाऊन रांगेत उभं राहणं, यालाच सामाजिक जीवनाची तयारी म्हणतात. बाकी सगळं इतिवृत्त.

चष्मिष्ट

हे मात्र मार्मिक आहे हो. दंडवत.

दोरखंड

अवांतर: रिंगेलमन नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३मध्ये ते छापून आलं. आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतो त्याच्या साधारण निम्म्यावर येतो. आठांच्या गटात अर्धे पुठ्ठे विसरले जाणार हे गणितानेच ठरलेलं आहे. माझं सदस्यनाम या कारणाने नाही, पण आता तसंच सांगत जाईन.

विंगेतली

सगळे प्रकल्प आणि गुणांवर बोलताहेत. सांस्कृतिक जीवनाचं काय? मी हौशी नाटकवाली, शाळकरी मुलांची नाटकं बसवते. गटाने शिकणं बघायचं असेल तर तालमीत या.

सुरुवातीची काही वर्षं आमच्याकडेही तेच. मुली नाचणार, गाणार, वेशभूषा सांभाळणार. मुलगे प्रकाश आणि ध्वनी बघणार, सामान उचलणार, आणि का कोण जाणे, दिग्दर्शकाच्या खुर्चीच्या आसपास घुटमळणार. मग मी एक नियम केला. प्रत्येकाला एक काम रंगमंचावर आणि एक मागे. आणि मागचं काम असं हवं, जे आधी कधीच केलेलं नाही. पहिल्या वर्षी गोंधळ झाला. प्रकाशयोजना एका मुलीकडे होती, शोकाच्या प्रसंगात तिच्या हातून लाल दिवा लागला. शिवणकामाच्या मुलाने राजाच्या अंगरख्याची एक बाही आतून बंदच करून टाकली. राजाने अख्खा प्रवेश एका हाताने केला. लोकांना वाटलं, युद्धात जखमी झालाय. टाळ्या पडल्या!

पण सांगायची गोष्ट वेगळी. दोन वर्षांपूर्वी दिग्दर्शन नववीतल्या एका मुलीकडे दिलं. मुख्य भूमिका तिच्या जिवलग मैत्रिणीला हवी होती, आणि आवाज दुसऱ्या मुलीचा चांगला होता. ही चार दिवस अस्वस्थ. मला म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगा ना तिला." मी सांगितलं नाही. मोह झाला, पण नाही सांगितलं. शेवटी तिने स्वतः मैत्रिणीला बाजूला घेऊन सांगितलं. दोघी रडल्या, आठवडाभर अबोला होता. मग मैत्रीण आली आणि म्हणाली, "सूत्रसंचालन तरी मला दे." आणि ते तिने झकास केलं.

मुलींना जुळवून घ्यायला शिकवावंच लागत नाही, ते घरूनच शिकून येतात. जिच्याशी जुळवून घ्यायचंय तिलाच 'नाही' म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच सोबत तालमीला उभं राहायचं, हे घरी शिकायला मिळत नाही. तिथे आम्हा मोठ्यांचं काम म्हणजे मध्ये न पडणं, आणि मला अजूनही ते फारसं जमत नाही.

अधलीमधली

विंगेतली, हा प्रतिसाद जपून ठेवतेय. एका हाताच्या राजालाही मुजरा.

बाप_माणूस

आमची उलटी गोष्ट. मुलगी गटात सगळ्यांना कामाला लावते. कामं वाटते, वेळ पाळायला लावते, स्वतःच सादर करते. प्रगतीपुस्तकात शेरा आला, 'गटात वर्चस्व गाजवते, इतरांना संधी द्यावी.' तिच्याच वर्गातल्या मित्राच्या मुलाचा शेरा पाहिला, 'उत्तम नेतृत्वगुण.' दोघं एकाच गटात होते हो! शाळेत जाऊन विचारलं तर बाई मनापासून चपापल्या. त्यांनी दोन्ही शेरे वेगवेगळ्या दिवशी लिहिले होते, शेजारी ठेवून कधी पाहिलेच नव्हते.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ती घरीही वर्चस्व गाजवते. शेरा अगदीच खोटा नव्हता.

चष्मिष्ट

@बाप_माणूस, शेरे शेजारी ठेवून पाहायची कल्पना झकास. शिक्षकांनी वर्षाच्या शेवटी पन्नास शेऱ्यांतली नावं झाकावीत आणि कुठला मुलीचा, कुठला मुलाचा ते ओळखावं. 'नीटनेटकी' हा शब्द दिसला की ओळखलंच म्हणून समजा.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाचं पुढे काय झालं ते सांगायला आले.

इथले प्रतिसाद वाचून मी उत्साहात मुलीला म्हटलं, या वेळी तू बोल, अक्षर दुसऱ्याला दे. ती म्हणाली, "पण मला अक्षर काढायला आवडतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच आवडतं तिला, तासन् तास बसते. तरी माझ्या आग्रहाखातर तिने गटात सांगितलं. एक मुलगा आनंदाने तयार झाला, त्याला बोलायचा कंटाळाच होता म्हणे! हिने लंबकाचा प्रयोग समजावला. चांगला समजावला असावा, कारण मागच्या बाकावरून प्रश्न आला, गोळा जड केला तर झोका घ्यायला वेळ जास्त लागेल का? हिने "नाही, लांबीवर आहे" असं सांगून दोरी आखूड करून दाखवली. घरी आली ती नाचतच.

दुसऱ्या दिवशी गुण आले. 'तक्ता अस्वच्छ' म्हणून सगळ्या गटाचे दोन कापले. गट हिच्यावर चिडला, ही माझ्यावर. "तुझ्यामुळे झालं" हे मी दोन दिवस ऐकतेय.

खडूफळा

अरेरे. पण रोग कुठे आहे तेही यातूनच दिसलं. टापटिपीला गुण आणि शिकण्याला शून्य, असं असेल तर कुठलाही शहाणा गट चांगल्या अक्षराच्या मुलीलाच तक्त्याला बसवणार. तुम्ही शाळेत जाणार असाल तर 'माझ्या मुलीला बोलू द्या' असं मागू नका, तो उपकार होईल. गुण कशाचे देता ते बदला म्हणा. सादरीकरणानंतर गटातल्या कुणालाही, आयत्या वेळी चिठ्ठी काढून, प्रकल्पातल्या कुठल्याही भागावर प्रश्न विचारा आणि त्याच्या उत्तरावर गटाचे गुण ठरवा. मग गटच धडपडतो, सगळ्यांना सगळं यावं म्हणून. आणि कामं दर प्रकल्पाला फिरती. कुणी कुठलं काम केलं ते तक्त्यामागे लिहून ठेवायचं. फोन करणं हेही त्यात काम म्हणून लिहायचं.

पायवाट

फोनचं लिहायचं ही सूचना सर्वांत मोलाची. लिहिलं की दिसतं, दिसलं की पुढच्या वेळी "आता तू कर" म्हणता येतं.

चष्मिष्ट

आणि अक्षर आवडतं तर काढू द्या हो तिला. आवडीचं काम सोडायला लावणं हीसुद्धा सक्तीच. प्रत्येक वेळी तेच एक नको, इतकंच.

निळीशाई

खडूफळा सर, चिठ्ठीची गोष्ट बाईंना सांगितली. पुढच्या प्रकल्पाला करून बघू म्हणाल्या. शेरे शेजारी ठेवायचं सांगायचा धीर अजून झालेला नाही.

लेकीने परस्पर तोडगा काढलाय. पुढच्या वेळी बोलणारही तीच, आणि त्या मुलाला आत्तापासून रोज एक पान शुद्धलेखन घालून दिलंय. तो लिहितोय म्हणे.

बाप_माणूस

शेरा येणार. तयारीत राहा.